फौंड्रीतलं माझं इंग्रजी

पहिल्याच दिवशी मी शिकवणाऱ्या मॅडमच्या खुर्चीत जाऊन बसलो. इंग्रजी ग्रामरचा क्लास; बाकांमध्ये माझं पोट मावेना आणि ती एकच खुर्ची मोकळी दिसली. मागून आलेली पोरं मला बघून उभी राहिली, “गुड मॉर्निंग, सर” म्हणाली. मीही हातानं ‘बसा, बसा’ केलं. एवढ्यात माझ्या लेकीच्या वयाच्या मॅडम दारात. वर्ग हसून हसून लोळला. मी उठलो, शेवटच्या बाकात स्वतःला तिरका करून कोंबलं. पण घरी गेलो नाही.

जायची सोयच नव्हती. आमच्या फौंड्रीत बावीस वर्षं मी तयार मालाची तपासणी करतोय. हातोडीनं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला लोखंडी भाग, ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. आत चीर असली की ते तडकलेल्या मडक्यासारखं बोलतं. पण माल आता परदेशी जायला लागला होता, आणि मालकांनी तोंडावर सांगितलं होतं, “महिन्यानं पावणं येणार. त्यास्नी इंग्लिशमधनं समजावता आलं तर तपासणी तुमची. न्हायतर मी पुण्याचा माणूस बघून ठेवलाय.”

मॅडमनी ‘अ’ आणि ‘द’पासून सुरुवात केली. नियम वहीत उतरतोय तोवर त्याचा अपवाद यायचा. नदीच्या नावाआधी ‘द’ लावायचा, तळ्याच्या नावाआधी नाही. म्हणजे पंचगंगेला ‘द’ आणि रंकाळ्याला काहीच नाही.

“का? रंकाळ्यानं काय घोडं मारलंय?”

“काका, नियमच तसा आहे.”

“मॅडम, आमच्यात साच्यापेक्षा वेगळा पीस निघाला की परत भट्टीत घालतात. तुमच्यात अपवाद म्हणून मिरवतात की!”

मॅडम हसल्या, पण रंकाळ्याला ‘द’ काही दिला नाही. मीही दुसऱ्या दिवशी परत हजर.

पाहुणे आले ते एकटेच. उंच, शांत गृहस्थ. आधी जेवण, मग तपासणी. मी वाफाळत्या पांढऱ्या रश्श्याचं भांडं घेऊन त्यांच्याजवळ उभा राहिलो आणि घोटलेलं वाक्य टाकलं, “वुड यू लाइक सम मोअर?” बिनचूक! मालकांनी कौतुकानं बघितलं. पाहुणे म्हणाले, “नो, थँक यू.” आता आपल्याकडं पहिल्या ‘नको’ला कोण ‘नको’ समजतं? तो भिडस्तपणा असतो. दुसऱ्यांदा ‘नो’ म्हणाले, तो रीतीचा भाग. तिसऱ्यांदा त्यांनी वाटीवर हात आडवा धरला. आमच्यात असा हात धरला की बोटांच्या फटीतनं वाढायचं असतं. मी वाढलं.

पाहुणे ताडकन उठून नळाकडं गेले. मालक दातओठ खात म्हणाले, “बास झालं तुमचं. तपासणीला मी बोलतो.”

“न्हाय मालक. माल मला कळतोय, मीच बोलणार.”

पाहुणे शेडमध्ये आले तेव्हा मी हातोडी घेऊन उभाच होतो. ‘द’ कुठं पडला, ‘अ’ कुठं राहिला, माझं मला ठाऊक नाही. ठोकत गेलो आणि सांगत गेलो, “दिस गुड. दिस गुड.” मध्येच एका पीसचा आवाज बसका आला. मालकांनी डोळ्यांनी खुणावलं, जाऊ द्या पुढं. मी तो उचलून बाजूला ठेवला. “दिस नो गुड. आय नॉट सेंड.”

पाहुण्यांनी माझ्या हातातली हातोडी घेतली. चांगला पीस ठोकला, मग मी बाजूला ठेवलेला ठोकला, कान देऊन ऐकलं. मग मालकांकडं वळून सावकाश, मलाही कळेल अशा इंग्रजीत म्हणाले, पुढच्या खेपेलाही मला हाच माणूस पाहिजे.

क्लास मात्र मी सोडणार नाही. चुकत बोलीन, पण माझ्या मालाबद्दल मीच बोलीन.

संध्याकाळी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. पुण्याच्या माणसाचं येणं कसं राहिलं, पाहुणे काय म्हणाले, मालकांचं तोंड कसं झालं. ती भाकरी थापत ऐकत होती. माझं सांगून संपलं तेव्हा तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “ते सगळं ऱ्हाऊ द्या. त्यांचा हात पोळला का, एवढं तरी विचारलासा का?”