वरच्या अंगाच्या चार ओळी

तिला सगळे कात्री म्हणत. झाडं छाटायचं काम तिचं, आणि जिभेलाही धार. तेव्हा नाव नक्की कशावरून पडलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. नवरा होता तेव्हा तोच सांगायचा, बाईचा हात झाडांवर चालतो म्हणून माझा गळा शाबूत आहे. तो जाऊन दोन वर्षं झाली. धार अजून होती, पण ती कुणावर चालवावी असं तिला वाटेनासं झालं होतं.

नासपतीची बाग नवऱ्यानं आणि धाकट्या दिरानं मिळून लावलेली. वरच्या अंगाच्या चार ओळी नवऱ्याच्या हातच्या, खालच्या दिराच्या. वर हातभर मातीखाली खडक होता. दिरानं तेव्हाच सांगून पाहिलं, पण थोरल्यानं एकदा म्हटलं की काळ्या दगडावरची रेघ. खड्डे खणताना त्यानं दोन पहारी वाकवल्या, झाडं जगवली आणि पुढे येईल त्या पाहुण्याला हाताला धरून वर नेऊन दाखवली.

यंदा पावसानं दगा दिला आणि पाठोपाठ कोरडी थंडी आली. ओली माती थोडी तरी ऊब धरते. ही भुगा झालेली माती, तिच्यातून गारठा थेट मुळांपर्यंत उतरला. विहिरीनं तळ गाठला. आहे ते पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं तर निम्मी झाडं तोडायला हवी होती, नाहीतर सगळीच गेली असती. कुठली तोडायची ते वहिनीनं सांगावं, असं दीर म्हणाला. स्वतःच्या गळ्यातलं काढून तिच्या गळ्यात घातलं, दुसरं काय.

हिवाळ्यात नासपती पानं टाकते, मग मेलेलं झाड आणि जिवंत झाड दिसायला सारखंच. ती नखानं साल खरवडून बघत गेली. आत तपकिरी दिसलं की तोडायची खूण म्हणून खोडावर चुन्याचा पट्टा. वरच्या ओळींत मेलेली फार निघाली नाहीत. जिवंत होती, हीच पंचाईत. रोडावलेली, आणि खालच्यांपेक्षा दुप्पट पाणी पिणारी. ती तिथं बराच वेळ उभी राहिली. विचार करत होती म्हणावं तर तसं नव्हतं. हिशेब तिला कधीच कळला होता. काहीतरी वाटेल म्हणून ती थांबली होती. बोटं बधिर झाली होती, आणि आतही तसंच होतं. मग तिनं चारही ओळींना चुना लावला.

संध्याकाळी जावेनं चहा पुढे केला आणि एखादं तरी आठवणीला ठेवायचं होतं, असं चाचरत म्हणाली. कात्रीनं चहा प्यायला आणि कप विसळून पालथा घातला. तिच्या तोंडून एखादा टोमणा आला असता तर घरातल्यांना जास्त बरं वाटलं असतं.

सकाळी करवतवाले यायच्या आत ती बागेत गेली. वरच्या कोपऱ्यातल्या झाडाचा चुना कुणीतरी पुसला होता. बुंध्याशी माती ओली होती. दीर रिकामी बादली घेऊन तिथंच उभा होता, चोरी सापडल्यासारखा.

"एवढं एक राहू दे वहिनी. दादानं लावलेलं पहिलं आहे."

"माहीत आहे मला. खड्ड्यातली माती मीच उपसली होती."

"मी घालीन पाणी. रोज बादलीनं आणून घालीन."

"कुठून आणाल, भाऊजी? विहीर एकच आहे."

तिनं चुन्याचा डबा उघडला. ओल्या सालीवर चुना धरेना, म्हणून दोनदा लावावा लागला. दीर मातीत बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिला त्याचा हेवा वाटत होता.

करवतवाले आले आणि सुरुवात कुठून करायची म्हणून विचारू लागले.

"इथून," ती म्हणाली, आणि दिराला दंडाला धरून उठवलं.