शेवटच्या बाकावरच्या बाई

माझे आईवडील देगलूरकडचे, वीटभट्टीवर राबणारे. घरात तेलुगूच. थोरल्या बहिणीनं, अक्कानं, शाळेत तोंड उघडलं की गुरुजींसकट सगळा वर्ग हसायचा. तिसरीतच शाळा सोडून ती भट्टीवर विटा वाहायला लागली. मी मात्र शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले आणि नांदेडला बीएडला आले.

तिथं आमचे सराव पाठ बघायला एक बाई यायच्या. खांद्याला पिशवी, पिशवीत पेरू. खुर्ची दिली तरी शेवटच्या बाकावर पोरांमध्ये अंग चोरून बसायच्या. पाठ संपला की एकच विचारायच्या, "आज कोण बोललंच न्हाई, सांग बरं?" आम्हाला कधी सांगता यायचं नाही. त्यांना बरोबर ठाऊक असायचं.

एकदा माझ्या पाठाला एक मुलगी पाण्याला 'नीळ्ळू' म्हणाली. वर्ग खदखदून हसला. तिनं मान खाली घातली. मला अक्काच दिसली. तेवढ्यात बाईंनी पोरांसारखा हात वर केला. "मॅडम, मला हे येत न्हाई. तिला म्हणा, शिकव की!"

मुलगी हळूच पुन्हा बोलली. बाई तिच्यामागून मोठ्यानं म्हणाल्या. मग सगळा वर्ग म्हणाला.

बाई निवृत्त होऊन औशाला गेल्या. अजूनही शिकवताना माझी नजर शेवटच्या बाकाकडं जाते. अक्काच्या वर्गात त्या असत्या तर, हे काही मनातून जात नाही.

मी आता देगलूरलाच शिकवते. अक्काची धाकटी लेक माझ्याच वर्गात आहे, आणि ती लई बोलते.