माझ्या कंप्युटरला कार्ड हवं की नको

भोईवाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत बसून मी डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, विहारातल्या कार्यक्रमांची पत्रकं, कधी एखाद्याचा कवितासंग्रह. जुना कंप्युटर बंद पडला तेव्हा सुटे भाग आणून नवा जुळवायचं ठरलं, कारण तयार मशीन परवडत नव्हतं. जुळवणार होता माझा धाकटा दीर. त्याला यातलं कळतं, आणि तो गेमही खेळतो. सगळा घोळ त्या गेममुळेच झाला.

गेमला लागतं ते वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायलाच हवं, असं त्याचं म्हणणं. मला मजकूर लावायचा असतो, चार फोटो बसवायचे असतात, त्याला कार्ड कशाला, असं मी विचारलं. पुढे लागेल, म्हणाला. पुढे म्हणजे कधी, ते काही सांगेना. नवरा म्हणाला, त्याचं ऐक. मग मी दादरच्या छापखान्यात गेले, जिथे माझी कामं छापायला जातात. तिथल्या ऑपरेटर बाई दिवसभर हेच काम करतात. त्यांच्या मशीनला वेगळं कार्ड नव्हतं, रॅम मात्र भरपूर होती. घरी येऊन मी सांगितलं, कार्ड नको, रॅम वाढव. दीर ‘बरं’ म्हणाला आणि लॅमिंग्टन रोडवरून सामान घेऊन आला.

रविवारी सकाळी त्याने सगळं जोडलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळीच. वायर बदलली, शेजाऱ्यांचा मॉनिटर आणून लावला, तरी तेच. शेवटी मी प्रोसेसरचा खोका उचलला. नावाच्या शेवटी एक जास्तीचं अक्षर होतं. मोबाइलवर शोधलं, तर त्या अक्षराचा अर्थ असा की याच्यात ग्राफिक्सची सोय नाही, वेगळं कार्ड लावल्याशिवाय काही दिसणारच नाही.

“तुला हे माहीत होतं?” मी विचारलं.

तो वायर गुंडाळत राहिला. “मला वाटलं, वहिनी, शेवटी तुम्ही कार्ड घ्यालच.”

मला भयंकर संताप आला. मी पंधरा दिवस विचारत हिंडले होते, आणि याने माझा निर्णय दुकानातच फिरवून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन मी स्वतः दुकानात गेले. मी समोर उभी असताना दुकानदाराने दिरालाच विचारलं, “मॅडमना नक्की काय पाहिजे?”

“मॅडमना विचारा,” मी म्हटलं. “ज्याच्यात ग्राफिक्स आहे तो प्रोसेसर द्या. कार्ड नको.”

खोका उघडलाय म्हणून त्याने बरीच कुरकुर केली, वर फरकाचे पैसे घेतले, पण बदलून दिला.

घरी मशीन पहिल्याच बटणाला सुरू झालं. दीर दुपारभर बसून माझे फॉन्ट टाकत होता. मी त्याला दोनदा चहा दिला, बोलले मात्र नाही.