घडीच्या नकाशाचं पुस्तक

भिलाईला कारखान्याच्या वाचनालयात मी पुस्तकांच्या यादीची कार्डं करायला लागलो, तेव्हा पहिली भट्टी नुकतीच पेटली होती आणि माझं डोकंही बऱ्यापैकी तापलेलं असे. एकच पुस्तक कारखान्यात, प्रशिक्षण केंद्रात आणि अहिवाऱ्याकडच्या चुनखडीच्या खाणीवर असलं, तर तिन्हीकडचे लोक त्याची कार्डं तीन तऱ्हांनी करत. रशियन पुस्तकांचे हाल तर विचारूच नका. एकाच लेखकाला आम्ही तीन आडनावं दिली होती!

मी योजना मांडली. कार्ड एकदाच नीट करायचं, प्रती छापायला त्याची स्टेन्सिल कापायची आणि तिन्ही ठिकाणी त्याच्याच प्रती लावायच्या. आमच्या ग्रंथपालसाहेबांनी मान डोलावली आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

आमचे शिपाईकाका भंडाऱ्याकडचे. कामगार पुस्तक कसं मागतात, ते कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवायची त्यांना सवय. ‘क्रेनच्या चित्राचं’, ‘सोप्या हिशोबाचं’. मला त्याचा भयंकर राग यायचा.

“काका, हे कार्ड आहे, भिंत नाही.”

“लोकं असेच मागतेत, साहेब,” ते हसून म्हणत.

स्टेन्सिली कापताना मी ते कोपरे गाळले. जुनी कार्डं रद्दीत गेली.

काका धानकापणीला गावी गेले, त्याच आठवड्यात भट्टीवरचा एक खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस, आला; गोंदियाकडचा. वयानं माझ्याहून मोठा. ऑपरेटर व्हायची तोंडी परीक्षा दोन दिवसांवर आलेली.

“साहेब, मले ते घडीच्या नकाशावालं पुस्तक पायजे. काकानं मांगं देल्लं होतं.”

लेखक कोण, मी विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. पुस्तकाचं नाव? ते इंग्रजीत होतं. मग शोधू कशावरून, असं मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो. सगळ्या पुस्तकांना एकसारखी तपकिरी बांधणी. “राहू द्या,” म्हणून तो गेला.

काका परतल्यावर मी त्यांना विचारलं. त्यांनी दोन मिनिटांत पुस्तक काढून टेबलावर ठेवलं; ‘घडीच्या नकाशाचं’ असं त्यांनी त्याच्या जुन्या कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं. मी तशीच सायकल काढली आणि त्याच्या क्वार्टरवर गेलो.

परीक्षा होऊन गेली होती. तो नापास झाला होता, आता पुढच्या वर्षी. त्यानं मला पाणी दिलं, पुस्तकातला भट्टीचा घडी घातलेला नकाशा बाजेवर उलगडला आणि गरम हवेच्या पाइपावर बोट ठेवलं.

“हेच ईचारलं होतं.” मग अगदी शांतपणे म्हणाला, “साहेब, त्याच्यात काय हाये, हे तुमी मले कावून नाई ईचारलं? मी सांगतलं असतं ना.”

दुसऱ्या दिवशी काकांना शेजारी बसवून मी पुन्हा स्टेन्सिली कापायला घेतल्या, आणि तिन्ही ठिकाणच्या कार्डांवर त्यांच्या तोंडची एकेक ओळ वाढली. त्या माणसाचं एक वर्ष मात्र माझ्या टापटिपीनं खाल्लं, आणि त्याची लाज मला अजून वाटते.