झाडूवाले प्रिन्सिपॉल

आमच्या कॉलेजात नवीन आलेला मुलगा प्रिन्सिपॉलांना पहिल्यांदा भेटायचा तो संडासाच्या दारात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात खराटा आणि तोंडाने मोठमोठ्याने बेसूर भजन. पोरगं विचारायचं, "काहो, प्रिन्सिपॉलसाहेब कुठी बसतात?" सर खराट्यानेच ऑफिस दाखवायचे, हातपाय धुऊन मागच्या दाराने आत शिरायचे आणि खुर्चीत बसून त्याच पोराला म्हणायचे, "या, बसा!" पोराचं तोंड पाहण्यासारखं व्हायचं. म्हणून त्यांचं नाव पडलं झाडूसर. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

ही सत्तरनंतरच्या वर्षांतली गोष्ट. वाशीमचं आमचं मिशनचं कॉलेज म्हणजे टिनाखालच्या सहा खोल्या आणि एक प्रार्थनेचा हॉल. सर नगरकडचे, घरचे ख्रिस्ती. इकडची बोली त्यांना शेवटपर्यंत जमली नाही. "मी शिकवून राह्यलो" एवढं म्हणायला घ्यायचे आणि मध्येच अडकायचे. आम्ही पोरी पदर तोंडाला लावून हसायचो, आणि आमच्याहून जास्त ते स्वतः हसायचे.

शनिवारी सगळ्यांनी साफसफाई करायची, हा त्यांचा कायदा. एका पाटलाच्या पोराने एकदा मान ताठ करून सांगितलं, "सर, आमच्या घरी हे काम कोणीच करत नाही." सर म्हणाले, "मग घरी नको करू बाळा. इथं कर." झालं! तो पोरगा पुढे तीन वर्षं बादली घेऊन सगळ्यांच्या पुढे असायचा.

मी मात्र खराटा उचलला, तर सरांनी तो काढूनच घेतला. "तू नाही. तू लायब्ररी उघड." मला असा राग आला, सांगते! बाकीच्या पोरी झाडत होत्या, मलाच काहून वगळलं? मी तणतणत जाब विचारला. सर हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या माणसांनी गावाची घाण पुष्कळ काढली, सुमन. आता थोडी वर्षं दुसऱ्यांना काढू दे." मी इंझोरीच्या बौद्ध घरातली. किल्ली घेऊन लायब्ररीत गेले आणि पहिला अर्धा तास नुसती रडले.

आमच्या बाबांनी मला कॉलेजात धाडलं ते एकाच अटीवर. "शिक लागन तेवढं, पन धर्माले हात लावू नको." अट मोडली की बोर्डिंगातली पेटी घरी, आणि पेटी घरी आली की पुढच्याच लग्नसराईत माझं लग्न. हे सगळं मला माहीत असताना, मी काय करावं? नाताळच्या मिरवणुकीत मरिया झाले.

चूक सरांचीच. कॉलेजात ख्रिस्ती मुली दोनच, आणि दोघीही कायम खिदळणाऱ्या. सर म्हणाले, "मरिया खेड्यातली, गरिबाघरची पोर होती. तुझ्यापेक्षा बरी कोण मिळणार?" मी गर्वाने फुगले. निळं पातळ नेसून, मांडीवर रबराचं बाळ घेऊन छकड्यात बसले, आणि आमची वरात भर बाजारातून निघाली. नेमका त्याच दिवशी आमच्या गावचा एक जण कापूस घेऊन वाशीमला आलेला. त्याने इंझोरीला जाऊन बाबांना सांगितलं, "तुही पोर पायली म्या. बाटली ते बाटली, मांडीवर लेकरू बी हाय!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने बाबा हजर. मला म्हणाले, "पेटी भर." आणि तडक सरांच्या ऑफिसात. मी मागून पळत गेले. सरांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. बाबा बसले नाहीत. "साहेब, आमी छप्पन साली धर्म बदलला. समजून-उमजून बदलला. घडीघडी बदलाले तो काय सदरा हाय? अन् हिच्या मांडीवरचं ते लेकरू कोनाचं?"

सरांनी कपाट उघडलं, रबराचं बाळ काढून टेबलावर ठेवलं. "हे तुमचं नातवंड." बाबा हसले नाहीत. मग सरही गंभीर झाले. म्हणाले, "हे कॉलेज ख्रिस्ताच्या नावानं चालतं, ते मी लपवत नाही. पण तुमच्या पोरीनं ख्रिस्ती व्हावं म्हणून ते काढलेलं नाही. आम्ही खरे ख्रिस्ती आहोत की नाही, ते आमच्या वागण्यावरून तिनं ठरवायचं."

"बोलाले काय जाते?" बाबा म्हणाले. "तुमच्या त्या हॉलमंदी आमचं पंचशील म्हनू द्यान काय?"

तेवढ्यात प्रार्थनेची घंटा झाली. सर म्हणाले, "चला."

हॉल भरलेला. सरांनी बायबलातल्या चार ओळी वाचल्या आणि सांगितलं, "इंझोरीहून पाहुणे आलेत. आता ते त्यांच्याकडची प्रार्थना म्हणतील." बाबांचा विश्वासच बसेना. "खरंच म्हनू?" त्यांनी टोपी काढून खिशात घातली, हात जोडले. पहिल्या ओळीला आवाज थरथरला, मग असा लागला की टिनं घुमली. सर मान खाली घालून, हात जोडून उभे. पाटलाचा पोरगा उभा. सगळा हॉल उभा. मी डोळे पुसत होते. बाहेर आल्यावर बाबा मला म्हणाले, "पेटी राहू दे," आणि चहा न घेताच एसटीकडे चालू लागले.

संस्थेकडे कुणीतरी तक्रार केलीच. सरांनी एका ओळीत उत्तर धाडलं: "पाहुण्यालाही बोलू द्यावं, ही आमच्या घरची रीत आहे." पुढे कुणी काही बोललं नाही.

मी बी.ए. झाले, घरातली पहिली. त्याच उन्हाळ्यात सरांची बदली झाली. वाशीमच्या स्टेशनवर सगळं कॉलेज लोटलं होतं. सर नेहमीसारखे थट्टामस्करी करत होते. गाडीची वेळ झाली तेव्हा मी खिडकीशी गेले आणि इतके दिवस मनात कुरतडणारा प्रश्न विचारून टाकला. "सर, खरं सांगा. मी ख्रिस्ती व्हावं असं तुम्हाला कधी वाटलंच नाही?"

सरांचं हसू थांबलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"रोज वाटायचं गं," ते म्हणाले. "रोज सकाळी देवाजवळ तुझं नाव घ्यायचो. पण तुझ्या वडिलांनी विश्वासानं तुला माझ्या हाती दिलं होतं. तेवढं मात्र मी देवालाही बजावून ठेवलं होतं."

गाडी हलली. रागवावं की पाया पडावं, मला कळेना. तीन वर्षं तो माणूस जीभ आवरून माझ्याशी बोलत होता, आणि मी समजत होते की त्याला ते सोपं जातं.