बिलच्या खुर्चीत नेल्सन का नाही?

सोमवार, सकाळचे साडेदहा. युनिव्हर्सिटीच्या जिममध्ये प्रेस कॉन्फरन्स. बास्केटबॉल कोच बिल हार्लो रिटायर होत असल्याचं जाहीर झालं. भिंतभर चॅम्पियनशिपचे बॅनर, खाली अर्धं गाव डोळे पुसतंय. मी पहिलाच प्रश्न टाकला, "आता नेल्सनच ना?"

स्पोर्ट्स डायरेक्टर हसले. "आम्ही देशभर शोध घेणार आहोत."

पंधरा वर्षं बिलचा असिस्टंट असलेला आमच्या वसईचा नेल्सन तेव्हा मागे खुर्च्या घडी करून ठेवत होता!

या टीमच्या मॅचेस मी वीस वर्षं कव्हर केल्या. स्कोअर पेपरात गेले, किस्से मात्र माझ्याकडेच साठले. संपादक म्हणायचा, "जागा नाही." इथे आहे, म्हणून सांगतो.

*

बिल बेंचवरून ओरडून चाल सांगायचा, ती समोरच्या टीमलाही कळायची. नेल्सनने तोडगा काढला. पोरांना शब्द शिकवले: मागे, उजवीकडे, थांब, फेक! सहा-सहा फुटी गोरी पोरं कोर्टावर मराठीत ओरडायला लागली.

एकदा समोरच्या कोचने तक्रार केली. रेफरी नेल्सनपाशी आला. "ही कुठली भाषा?"

"मराठी."

"ही चालते?"

"चालत नाही असं रूलबुकात दाखवा, सर. मी लगेच फ्रेंच सुरू करतो."

रेफरीला फ्रेंच येत नव्हतं. मॅच पुढे सुरू!

*

आमचा सेंटर, म्हणजे टीममधला सगळ्यात उंच खेळाडू, ट्रेव्हर इंडियन ग्रोसरीत ट्रॉली ढकलत होता. समोर एक नागपूरच्या काकू. हा सवयीने गरजला, "मागे! मागे!"

काकू भिंतीला टेकल्या. मग वर बघत म्हणाल्या, "अगं बाई, हा कोणाचा मुलगा?"

*

तर नवीन कोच आला. भारी रेझ्युमे, त्याहून भारी सूट. नेल्सनला म्हणाला, "बिलच्या चाली दाखव." बिलने आयुष्यात एक ओळ लिहून ठेवली नव्हती. सगळं नेल्सनच्या अकरा वह्यांत, आकृत्यांसकट, मराठीत.

त्याने वही उलटी-सुलटी करून पाहिली. "हे हिंदी आहे?"

दुसऱ्या दिवशी फतवा निघाला: कोर्टावर फक्त इंग्लिश. मग काय, आमची प्रत्येक चाल समोरच्यांना आधी कळायची! हिवाळा संपून गाड्यांचे विंटर टायर्स उतरवायच्या आत साहेब गेले.

*

त्याच्यानंतरचा हुशार. मराठी शिकतो म्हणाला. शिकला एकच शब्द. पूर्ण सीझन हा "मागे!" ओरडतोय आणि आमची पाचही पोरं इमानदारीत आपल्याच बास्केटखाली!

हाही गेला. मी डायरेक्टरना फोन केला. "आता तरी नेल्सन?"

"तुम्ही हा विषय सोडत का नाही?"

म्हटलं, "तुम्ही उत्तर देत नाही म्हणून."

*

तिसऱ्या वेळची जाहिरात आली, तेव्हा नेल्सन म्हणाला, "भाऊ, पुन्हा अप्लाय करतोय. नाही म्हणायचंय, तर लेखी म्हणू देत."

त्याची बायको मेरी आतून ओरडली, "आणि या वेळी सूट घाल! स्वेटशर्टात तू त्यांना कायम असिस्टंटच दिसतोस."

सूट घालून गेला. कमिटीने विचारलं, "बिलच्या बुटांत पाय घालणं, म्हणजे त्याची जागा घेणं, जमेल तुम्हाला?"

नेल्सन म्हणाला, "त्या बुटांच्या लेस मीच बांधायचो, सर. बिलची कंबर धरायची."

कोणी हसलं नाही म्हणे.

*

गेल्या गुरुवारी दुपारी नेल्सनने मला बोलावलं. टेबलावर युनिव्हर्सिटीचं पाकीट, शेजारी मेरी हाताची घडी घालून. "वाचा भाऊ. मोठ्याने वाचा."

पाकिटात दोन कागद होते. पहिल्यात लिहिलं होतं की नेल्सनची निवड झालेली नाही, कारण टीमच्या खेळण्याच्या पद्धतीची त्याला पुरेशी माहिती नाही.

दुसऱ्यात लिहिलं होतं की सोमवारी सकाळी साडेदहाला अकरा वह्या घेऊन जिममध्ये यावं आणि नव्या कोचना टीमच्या खेळण्याची पद्धत शिकवावी.

मी डायरेक्टरच्या ऑफिसला चार फोन केले, दोनदा जाऊन बाहेर बसलो. उद्याही जाणार आहे.

दोन्ही कागदांवर सही त्यांचीच आहे.