उलट्या जीपचा पाठलाग

आमच्या ट्रेलरला काहीही झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

धाकट्या बहिणीच्या, कुंदाच्या लग्नातली गोष्ट. कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी तेव्हा नवी होती आणि आम्हीही. तिच्या सासूने साखरपुड्यात सहज म्हटलं होतं, "आमच्या मोठ्या सुनेच्या कपाटाले पुरा आरसा हाय बरं!" हे 'सहज' बाबांच्या काळजात रुतलं. त्यांनी सागवानी कपाट केलं, त्याला माणूसभर उंचीचा आरसा लावला. आता ते नागपूरहून सावनेरला कुंदाच्या आधी पोचायला हवं होतं. कुंदाने मला बाजूला घेतलं.

"दादा, आरसा धड पोचव गा. नाहीतर मी तिथं जन्मभर खाली मान घालून राहीन."

मित्राची लष्करी लिलावातली जीप आणि ट्रेलर मागून आणला. अशा कामात मी फार काटेकोर. (घरच्यांचा शब्द वेगळा आहे.) हुकाची पिन बसवली, पिनेला कडी घातली, सुटलाच तर आधार म्हणून साखळी बांधली. टायर ठोकून पाहिले. मागचा लाल दिवा लागतो की नाही ते पाहिलं. कपाटाचं वजन चाकांच्या किंचित पुढे घेतलं. मागून कोळशाच्या ट्रकने धडक दिली तर काच वाचावी म्हणून आरशाचं तोंड जीपकडे केलं. आणि मागचा रस्ता दिसावा म्हणून जीपच्या पाठीचं कापड गुंडाळून वर बांधलं. दोर एवढे आवळले की कपाट कण्हलं!

एक गोष्ट मात्र माझ्या हातात नव्हती. आरशावरची चादर. नवरीच्या आधी त्यात कोणी पाहायचं नाही, म्हणून ती आत्याने घातली. मी दोर घेऊन पुढे झालो, तर तिने हातावर चापट मारली.

"मंगलकार्याच्या वस्तूले गाठ मारतात काय गा? नुसती खोचून दे!"

खोचून दिली.

थंडीची सकाळ. मी माकडटोपीत, आत्या डोक्यावरून शालीत, तिच्या मांडीवर व्याह्यांसाठी नारळाची पिशवी. कोराडी आलं आणि धुकं असं उतरलं की सूर्य विझलेल्या बल्बसारखा दिसू लागला. त्यात राख. झाडं राखाडी, रस्ता राखाडी, आत्या राखाडी. ट्रक नाही, बस नाही, कुत्रंही नाही. आमच्याच इंजिनाचा आवाज धुक्यावर आपटून परत येत होता.

मी समोरच्या छोट्या आरशात मागचा रस्ता पाहिला. (काटेकोरपणा!) आणि टोपीच्या आत माझे केस उभे राहिले.

मागून एक जीप येत होती. उलटी.

म्हणजे तिची पाठ आमच्याकडे, तोंड तिकडे, आणि तरी ती आमच्या मागे मागे येत होती! आत दोन आकृत्या, दोघी पाठमोऱ्या. एक डोक्यावरून शाल घेतलेली बाई. दुसऱ्याला डोकं होतं, चेहरा नव्हता.

"आत्या," मी म्हणालो, "मागून कोणीतरी येऊन राहिलं."

"मंग येऊ दे ना. रस्ता काय तुया बापाचा हाय?"

"उलटं येऊन राहिलं."

आत्याने वाकून त्या छोट्या आरशात पाहिलं आणि रामरक्षा सुरू केली, तीही मधूनच.

मी वेग वाढवला. तिनेही वाढवला. मी कमी केला. तिनेही. आवाज मात्र काडीचा नाही! शेवटी मी हात बाहेर काढून 'पुढे जा' अशी खूण केली. त्या बिनचेहऱ्याच्यानेही हात बाहेर काढला आणि आम्हालाच खूण केली, पुढे जा!

"बापू," आत्या कुजबुजली, "तिचा नंबर पाय."

पाहिला. नंबर आमचाच होता.

"आपल्याच नंबरची गाडी आली गा न्यायले!" आत्याने पिशवीत हात घातला. "थांबव. उतारा टाकाले लागते. हा नारळ घे. पण त्याले तोंड दाखवू नको, पाठमोरा जा!"

"मीच काहून?"

"मंग काय नवरीच्या आत्याने जायचं?"

मी उतरलो. नारळ डोक्याभोवती ओवाळत एकेक पाऊल मागे टाकू लागलो. राखेत पावलांचा आवाजही होईना. भुतांचे पाय उलटे असतात म्हणतात. त्या घडीला कोणी पाहिलं असतं तर माझेच उलटे दिसले असते. ट्रेलरला कोपर लागलं. दांडा चाचपत मी मधोमध सरकलो.

तेवढ्यात मानेला काहीतरी टेकलं. गार. गुळगुळीत. प्रेतासारखं.

मी गर्रकन वळलो. नाकासमोर एक तोंड! राखेने माखलेलं, डोळे बटाट्याएवढे, जबडा उघडा. आणि त्याच्या हातात नारळ, माझ्यावर उगारलेला!

तो मारणार, त्याआधी मी मारला.

खळ्ळ!

आत्याची नुसती खोचलेली चादर केव्हाच सुटून पायाशी, ट्रेलरच्या दांड्यात अडकली होती.

"गेलं काय गा?" जीपमधून आत्याचा आवाज आला.

"हो आत्या," मी म्हणालो. "गेलं."

सावनेरला मांडवाच्या दारात मी पिन, कडी, साखळी सगळं पुन्हा तपासलं. जागच्या जागी! कपाटाची चौकट तेवढी आरपार दिसत होती. काय सांगावं याचा मी विचार करतोय, तोवर आत्याने अख्ख्या मांडवाला सगळं सांगून टाकलं, माझ्या वळण्याच्या नकलेसह. कुंदाची सासू आधी गंभीर होती. मग तिने तोंडाला पदर लावला. मग तिला धरून खाली बसवावं लागलं.

"आरसा काय, घेऊ नवा," डोळे पुसत ती म्हणाली. "मोठीच्या कपाटाले आरसा हाय, पण असा भाऊ नाही वं बाई तिले!"

कुंदाची मान वर राहिली. माझी त्या दिवसापासून खाली आहे.

नवा आरसा बसला. अजूनही मी सावनेरला गेलो की कुंदा आधी माझी पिशवी चाचपते, नारळ नाही ना, आणि मगच मला त्या खोलीत सोडते. मी हळूच कपाटासमोर उभा राहतो. तो आत असतोच! हल्ली टोपीशिवाय येतो, राखही लागलेली नसते. आत्या म्हणते, तरी काही फरक नाही.